विश्रामबाग, पहिला मजला

[दृश्य : गावभागातल्या एका गाळ्याची भिंत. कमरेच्या वर पाण्याचा तपकिरी पट्टा.]

सांगलीत धंद्यासाठी जागा बघायला गेलं की भाडं नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याआधी २००५ चा पूर होता आणि नंतर २०२१ चा आला. हा गाळा बाजारपेठेला लागून होता, भाडंही परवडणारं होतं. तरी धंदा काढायला निघालेल्या दोघा मावसभावांनी, थोरल्या-धाकट्यांनी, तो सोडला. दर पावसाळ्यात बॅटऱ्या, मॉनिटर आणि खुर्च्या माडीवर चढवायच्या म्हटल्या, तर भाड्यात वाचलेला पैसा हमालीतच गेला असता. त्यांनी विश्रामबागेत जागा घेतली. खाली औषधांचं दुकान, बाहेरून जिना, वर एक लांबट हॉल.

धंदा को-वर्किंगचा. टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट आणि चहा महिन्याच्या भाड्यानं द्यायचा. ज्यानं त्यानं आपापलं काम करत बसायचं. याची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरनं ऑगस्ट २००५ मध्ये केली, असं मानतात. त्याच ऑगस्टात इकडं सांगलीकर घरातला चिखल उपसत होते. न्यूबर्गकडं पहिला महिना कुणी फिरकलंच नव्हतं. ही गोष्ट धाकट्यानं वाचलेली होती, म्हणून विश्रामबागेतल्या रिकाम्या खुर्च्या बघून तो फारसा घाबरला नाही. घाबरले ते थोरल्याचे वडील.

‘अभ्यासिकेत पोरं हजारभर रुपयांत बसत्यात. तुझ्याकडं तिप्पट देऊन कोण येणार?’

[दृश्य : अभ्यासिका. प्लायवूडचे कप्पे, डोक्यावर ट्यूबलाईट, भिंतीवर ‘मोबाईल सायलेंट ठेवा’.]

सगळ्या धंद्याचा कस लावणारा प्रश्न हाच होता. महिन्याच्या भाड्यानं खुर्ची देण्याचा व्यवसाय सांगलीला नवा नाही. एमपीएससीची पोरं पहाटे येऊन रात्री उशिरा उठतात. ठरलेली जागा, पुस्तकांना लॉकर, वायफायचा पासवर्ड, सगळं तिथं असतं. टेबल आणि खुर्चीच विकायची, तर अभ्यासिकेपुढं या दोघांचा टिकाव लागला नसता. पण अभ्यासिकेत तोंड उघडलं की मागून ‘शूऽऽ’ येतं, आणि इथं येणाऱ्यांचं निम्मं काम बोलण्यातच असतं.

येतात कोण? बहुतेक जण २०२० साली पुण्याहून लॅपटॉप पाठीला लावून घरी आले आणि मग परत गेलेच नाहीत. पगार पुण्याचा, जेवण घरचं. वरवर बघता याहून बरं काय असणार! पण घरी अकराच्या मीटिंगला मिक्सर सुरू होतो. ‘घरीच आहेस ना, मग जरा गिरणीत जाऊन ये’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी येतंच. शेजाऱ्यांना वाटतं, पोराची नोकरी गेली. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना मुलगा दुपारी तीनला बर्म्युड्यात दिसतो, आणि ती बैठक पुढं सरकत नाही. इथल्या एकानं तर सरळ सांगितलं, मी खुर्चीचं भाडं देत नाही, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडण्याचे पैसे देतो.

[दृश्य : हॉलच्या कोपऱ्यातलं ‘खोकं’. आत एक माणूस हातवारे करत बोलतोय. बाहेर अस्पष्ट पुटपुट.]

म्हणून या हॉलमधली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे हे खोकं. फोनवर बोलण्यासाठीची एका माणसाची खोली. कंपन्यांची तयार खोकी मिळतात, पण किंमत ऐकून दोघांनी कुपवाडच्या एका सुताराला गाठलं. प्लायवूडचे दोन पडदे, मध्ये आवाज शोषणारी रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, दाराला दुहेरी काच, चारी कडांना रबर. आवाज सुटतो तो दाराच्या खालच्या फटीतून, हे सुतारानंच दाखवून दिलं. आत मोबाईलवर गाणं लावलं, दार ओढलं आणि बाहेर येऊन फरशीला कान लावला. मग उंबरठ्याला दाबून बसणारी रबरी पट्टी लागली. आवाज थांबला तशी हवाही थांबली, आणि एप्रिलात माणूस दहा मिनिटांत घामानं निथळून बाहेर यायला लागला. शेवटी छताला संगणकात असतो तसला छोटा पंखा बसला आणि हवा बाहेर जायची वाट वाकडी केली, म्हणजे तिच्यावाटे आवाज सरळ सुटत नाही. आता खोक्याची वही असते. अर्ध्या तासाची पाळी, आणि भांडणंही फक्त त्यावरूनच.

इंटरनेटचं दुखणं वेगळं. दोन कंपन्यांच्या दोन लाईन घेतल्या की निर्धास्त, असं कुणालाही वाटेल. पण दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर ऊस भरलेली एक उंच ट्रॉली दोन्ही एकदम तोडून जाते. थोरला म्हणून लाईनमनबरोबर गल्लीभर चालत गेला, मान वर करून. दुसरी लाईन आता मागच्या बोळातून येते. राऊटरला वेगळा यूपीएस आहे, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईतोवरच्या क्षणात राऊटर बंद पडला, तरी चालू मीटिंगमधून माणूस बाहेर फेकला जातो. एसी मात्र बॅकअपवर नाही, आणि ते नियमावलीत ठळक लिहिलंय.

[दृश्य : व्हाईटबोर्डवर खडबडीत अक्षरात आकडे.]

आता पैसे. खुर्च्या १८, महिन्याला एकीचे ३,५००. जागाभाडं, व्यापारी दराचं वीजबिल, इंटरनेट, सफाईच्या मावशी, चहा-दूध मिळून खर्च ४९,००० च्या घरात. म्हणजे १४ खुर्च्या भरल्या की खर्च निघाला, उरलेल्या चार खुर्च्यांवर दोघांची कमाई. यात श्रीमंती नाही. सगळ्या १८ भरल्या, तरी वर्षाची उलाढाल ७ लाख ५६ हजार. सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागते ती २० लाखांपुढं, म्हणजे सक्ती नाही. पण कंपन्यांना जीएसटीचं बिल हवं असतं, आणि नोंदणी केली की किरकोळ सभासदाच्या भाड्यावर १८ टक्के चढतात. हा तिढा अजून सुटलेला नाही.

काही जणांना खुर्चीपेक्षा पत्ता हवा असतो. मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा मुलगा हळदीची परदेशी गिऱ्हाइकं बघतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा तो बोलण्यात हमखास उल्लेख करतो. त्याला या पत्त्यावर स्वतःच्या नावानं जीएसटी नोंदणी करायची होती, त्यासाठी जागामालकाची संमती आणि वीजबिल लागतं. मालक बिथरले. ‘माझ्या जागेवर चार जणांच्या पाट्या? उद्या हक्क सांगितला तर?’ अखेर नोंदणीकृत भाडेकरार नव्यानं झाला, त्यात जागा पुढं वापरायला देण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत आली. असा धंदा काढणाऱ्यानं हे कलम खुर्च्या घेण्याआधी बघावं. हळदीचे नमुने टेबलावर उघडायचे नाहीत, हा नियम मात्र पांढरा कीबोर्ड पिवळा झाल्यावर आला.

आणि वेळ. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा; नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेसात. त्यामुळं थंडीत मुक्काम तासभर लांबतो. तिकडच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या दोघीजणी त्या वेळेला असतात. जिन्यावर दिवा लावला, कॅमेरा लावला, पण बंद करायची वेळ ठरली ती खालच्या औषध दुकानावरून. शटर पडेपर्यंत खाली माणसांची ये-जा असते, तोवर वरही काम चालतं. एकीला न्यायला सासरे येतात आणि दुकानदाराशी गप्पा मारत थांबतात. त्यांनी आता वरच्या चहाचा दर्जा सुधारण्याबद्दल लेखी सूचना दिली आहे.

[दृश्य : जिना. एक पाहुणा टेप घेऊन वर येतो.]

परवा विट्याचे एक अभ्यासिकावाले आले होते. त्यांनी खुर्च्या बघितल्या नाहीत, दरही विचारले नाहीत. सरळ खोक्यात शिरले, दार लावून घेतलं, मोठ्यानं दोन-चार वाक्यं बोलले आणि बाहेर आले. ‘ऐकू आलं काय?’ थोरला म्हणाला, ‘नाही.’ त्यांनी लांबी-रुंदी मोजली आणि कुपवाडच्या सुताराचा नंबर मागितला.