गढूळ की नितळ

(दृश्य: हॉस्पिटलची मायक्रोबायॉलॉजी लॅब. इन्क्युबेटरचं दार उघडतं.)

सकाळचे साडेसात. काल दुपारी ३५ अंशांवर ठेवलेली प्लेट बाहेर येतेय. तळहाताएवढी, पण तिच्यात ९६ खळगे आहेत. खळग्यांत थेंबभर पोषकद्रव आणि त्यात आयसीयूतल्या एका पेशंटच्या रक्तातून वाढवलेला क्लेबसिएला हा जंतू. सोबत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक, दर खळग्यात आधीच्या दुप्पट. त्याने जंतू थांबतो का, ते बघायचं.

(क्लोज-अप: खालून उजेड.)

हा पहिला बघा. गढूळ, तळाशी पांढरट ठिपका. इथे जंतू वाढलाय. शेजारचा नितळ, म्हणजे इथे औषधाने जंतू रोखला. त्यापुढचे सगळे नितळ.

याच पेशंटच्या रिपोर्टात मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकपुढे परवा ‘आर’ आला होता. रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. खालच्या सगळ्या ओळींतही तेच अक्षर.

बाकीची बहुतेक औषधं तपासायला, औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवल्या की भागतं. कोलिस्टिनचा रेणू मोठा. आगरमध्ये तो धड पसरतच नाही. शिवाय प्लास्टिकला चिकटतो, म्हणून प्लेटसुद्धा पारखून घ्यावी लागते. एवढी खटपट कोण करणार, असं म्हणून चालत नाही. कोलिस्टिनचा चकतीवरचा रिपोर्ट हातात पडला, तर डॉक्टरांनी तो सरळ परत पाठवावा.

(दृश्य: व्हायलचं लेबल.)

औषध जुनंच. जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं, १९५०च्या दशकात वापरात आलेलं. जंतूच्या बाहेरच्या आवरणाला ते चिकटतं, तिथलं कॅल्शियम-मॅग्नेशियम हुसकावतं आणि आवरण फाटतं. पण किडनीलाही बाधतं. त्यामानाने सौम्य औषधं आली, तसं १९७०-८०च्या सुमारास ते कपाटात गेलं. पुढे त्या सौम्य औषधांनाच जंतू दाद देईनात, तेव्हा पुन्हा बाहेर काढावं लागलं.

आयसीयूत असं जपून वापरायचं हे औषध कोंबड्यांनाही दिलं जायचं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी आणली. त्याआधीच, २०१५ मध्ये, कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणारा एमसीआर-१ हा जनुक चीनमध्ये सापडला होता.

(दृश्य: आयसीयू. सिस्टरचे हात.)

लॅबचा फोन आलाय. पहिला डोस मोठा, ९० लाख युनिटचा. सिस्टर व्हायल दोन बोटांत धरून हलकेच फिरवताहेत. जोरात हलवली तर फेस येतो.

उद्यापासून रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी.

(दृश्य: सलाईन, मग युरिन बॅग. निवेदन नाही.)