जिन्याखालचा डीव्हीआर: दुरुस्ती की नवा?

(दृश्य: संध्याकाळ. वॉचमनच्या केबिनमधला मॉनिटर.)

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत बत्तीस सदनिकांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांना लागून असलेल्या पत्र्याच्या छोट्या कपाटात, 2017 च्या मे महिन्यापासून हा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, ठेवलेला आहे. आठ कॅमेऱ्यांच्या केबल त्याच्या पाठीमागे येऊन मिळतात आणि एक वायर केबिनमधल्या मॉनिटरपर्यंत जाते. गेट, पार्किंगच्या दोन बाजू, लिफ्टसमोरची जागा, गच्चीचे दार, पंपाची खोली इत्यादी आठ चौकोन या पडद्यावर रात्रंदिवस दिसत असतात. सात वर्षे येता-जाता सर्वांनी ते पाहिले आणि चौकोन हलताहेत म्हणजे यंत्रणा चालू आहे, असे सर्वच जण धरून चालले.

2024 च्या ऑगस्टमध्ये, नऊ तारखेच्या रात्री, पार्किंगमधून एक मोटारसायकल चोरीला गेली. सकाळी सेक्रेटरींनी प्लेबॅक उघडला. त्यातल्या कॅलेंडरवर ज्या दिवसांचे फुटेज असते, त्या तारखांखाली रंगीत खूण दिसते. ऑगस्टच्या पानावर एकही खूण नव्हती. जुलैच्या पानावर आठ तारखेपासून एकोणीस तारखेपर्यंत खुणा होत्या आणि पुढे सगळे कोरे होते.

लाइव्ह चित्र आणि रेकॉर्डिंग या एकाच खोक्यातल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. कॅमेऱ्याकडून आलेला सिग्नल आतल्या सर्किट बोर्डवरच्या चिपमध्ये शिरतो. तिथून एक वाट थेट मॉनिटरकडे जाते आणि दुसरी, चित्र कमी जागेत बसेल असे दाबून, हार्ड डिस्ककडे जाते. डिस्क बंद पडली तरी पहिली वाट मोकळीच राहते. अशा वेळी डीव्हीआर बीप करून सांगतो, आणि याने एकोणीस जुलैला तसे सांगितलेही होते. परंतु त्या आवाजाला कंटाळून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करून टाकला. तो कोणी बंद केला हे कळले नाही, आणि खरे सांगायचे तर ते शोधून आता काही उपयोगही नव्हता.

त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक झाली आणि पाच मिनिटांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की सात वर्षांत यंत्राचे पैसे वसूल झाले, आता नवाच आणावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की चित्र स्वच्छ दिसते आहे, मग तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, नेऊन दुरुस्त करून आणावा. दोन्ही तटांनी खोक्याला एकच वस्तू मानले होते आणि वादाचा सगळा घोळ तिथेच होता.

(दृश्य: झाकणाचे स्क्रू निघतात. आत धूळ, आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफले.)

डीव्हीआर उघडला की आत फारसे काही नसते, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेहमी आश्चर्य वाटते. एक बोर्ड, त्यावर कॉइन सेल (घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी), शेजारी हार्ड डिस्क आणि बाहेरून 12 व्होल्ट पुरवणारा अ‍ॅडॅप्टर, एवढाच हा संसार आहे. यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वयात थकतो, म्हणून तपासणीही एकेकाचीच करावी लागते.

वॉचमनने सांगितले होते की मधूनच रात्री पडदा काळा होतो आणि मिनिटभराने परत येतो. तंत्रज्ञाने ते ऐकून डिस्कला हात लावण्याआधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर काढला. डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवल्यावर अ‍ॅडॅप्टर 12 व्होल्ट दाखवत होता आणि डीव्हीआर निवांत चालत होता. डिस्क जोडताच, तिच्या तबकड्या फिरायला लागण्याच्या क्षणी, काटा दहाच्या आसपास घसरला, आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू आला आणि पडदा काळा झाला.

‘‘काका, अ‍ॅडॅप्टर बसलाय,’’ त्याने सेक्रेटरींना सांगितले. ‘‘डिस्कचं काय ते नंतर बघू.’’

साडेतीन इंची हार्ड डिस्क स्थिर वेगाने फिरत असताना वीज थोडीच घेते, पण थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना काही सेकंद तिला 12 व्होल्टच्या वाटेवर दोन अँपियरपर्यंत प्रवाह लागतो. जुन्या अ‍ॅडॅप्टरच्या पोटातले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) सुकलेले असतात, त्यामुळे मोकळा असताना तो निरोगी भासतो आणि ओझे पडले की गुडघे टेकतो. या कपॅसिटरांविषयी एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. मीटरांशेजारचे, जाळी नसलेले, दार लावून घेतलेले कपाट ही त्यांच्यासाठी सर्वांत वाईट जागा होती, आणि संस्थेने नेमकी तीच निवडली होती.

इथे तंत्रज्ञाने जे केले ते फार थोडे लोक करतात. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी, डिस्क सोडवलेलीच ठेवून, त्याने डीव्हीआर सुरू केला आणि सेटिंगमध्ये जाऊन आठही कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग बंद केले. डिस्क पूर्ण भरलेली होती, आणि भरलेली डिस्क जागी झाली की डीव्हीआर सर्वांत जुने फुटेज पुसून त्यावर नवे लिहू लागतो. संस्थेला मात्र त्या जुन्या फुटेजमधलेच काही हवे होते. बारा जुलैला एक टेम्पो गेटला धडक देऊन निघून गेला होता आणि त्याची तक्रार अजून मिटलेली नव्हती. रेकॉर्डिंग एकोणीस तारखेला थांबले म्हणूनच बारा तारखेचा तो तास पुसला गेला नव्हता. बिघाडाने झालेला हा एकमेव फायदा म्हणावा लागेल. रेकॉर्डिंग बंद असल्याची खात्री करून डिस्क जोडली गेली, ती नव्या अ‍ॅडॅप्टरवर फिरली, आणि सर्वांत आधी टेम्पोची क्लिप पेन ड्राइव्हवर उतरवली गेली. चाचण्या त्यानंतर झाल्या.

डिस्कच्या आरोग्याचा तक्ता बहुतेक डीव्हीआरमध्येच पाहता येतो. या तक्त्यात वापराचे तास सुमारे 61 हजार होते, म्हणजे अखंड सात वर्षे. त्याहून महत्त्वाचे आकडे दोन: खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या लहान कप्प्यांचा) आणि वाचताना अडखळणाऱ्या, निकाल न लागलेल्या सेक्टरांचा. दुसरा आकडा शून्य नसेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कवर पुढचे फुटेज सोपवू नये. इथे तो वाढत होता. दोष अ‍ॅडॅप्टरचा होता आणि डिस्कचाही होता. नुसती डिस्क बदलली असती तर नवी डिस्कही त्याच थकलेल्या अ‍ॅडॅप्टरवर धडपडली असती आणि दुकानदाराला शिव्या खाव्या लागल्या असत्या.

(दृश्य: टेबलावर ओळीने मांडलेले भाग.)

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आता टेबलावरच्या या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. उद्या खोके बदलले, तर आज खर्च केलेला कोणता रुपया नव्या खोक्यासोबत पुढे जाईल आणि कोणता बुडेल? हार्ड डिस्क पुढे जाते, कारण ती कोणत्याही कंपनीच्या डीव्हीआरमध्ये बसते. योग्य अँपियरचा चांगला अ‍ॅडॅप्टर बहुधा पुढे जातो. कॅमेऱ्यांकडून येणारी कोअ‍ॅक्सिअल केबल, तिच्या टोकाचे बीएनसी कनेक्टर, कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा आणि कॅमेरेही पुढे जाऊ शकतात. बुडणारा खर्च एकच, तो म्हणजे बोर्डच्या दुरुस्तीवरचा. त्यातच मोठ्या क्षमतेची डिस्क घेतली तर ती पुष्कळदा आठ चॅनेलच्या, म्हणजे आठ कॅमेरे घेणाऱ्या, रिकाम्या खोक्यापेक्षा महाग पडते. म्हणजे ज्याला लोक ‘नवा डीव्हीआर’ म्हणतात त्या बिलातला मोठा वाटा दोन्ही मार्गांत सारखाच असतो. म्हणून अ‍ॅडॅप्टर आणि डिस्क आधी घ्यावी, आणि बोर्डविषयीचा निर्णय त्यानंतर शांतपणे घ्यावा, असे आमचे मत आहे.

डिस्क घेताना मात्र दुकानात जी हाताशी असेल ती उचलू नये. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला दोन मेगाबिट या दराने लिहिले जात असेल, तर एका दिवसाचे 21.6 जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे होतात जवळजवळ 173 जीबी. या हिशेबाने दोन टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि आठ ते एकोणीस जुलै या खुणांचा अर्थही त्यातच आहे. वर्षाला लिहिला जाणारा डेटा 63 टीबी होतो. घरगुती संगणकाच्या अनेक डिस्कना कंपनी वर्षाला 55 टीबीचे काम धरते, तर खास पाळत-यंत्रणेसाठी बनवलेल्या डिस्कना 180 टीबीचे आणि सोबत तीन वर्षांची वॉरंटी देते. दोन्हींच्या किमतीत फार अंतर नसते. तरीही बिलावर नुसते ‘हार्ड डिस्क’ लिहून संगणकाची जुनी डिस्क बसवून देण्याचे प्रकार होतात, म्हणून डिस्कवरचे लेबल आणि वापराचे तास बसवतानाच पाहावेत. आपला जुना डीव्हीआर किती टीबीपर्यंतची डिस्क ओळखतो हेही आधी विचारावे, कारण जुन्या खोक्यांना ती मर्यादा असते.

कॉइन सेल ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती संपली की वीज गेल्यावर डीव्हीआरचे घड्याळ थेट 1 जानेवारी 2000 वर जाऊन बसते. मग फुटेज असते, पण ते कोणत्या दिवसाचे हे सांगता येत नाही. वेळेचे महत्त्व महाराष्ट्राला एका खटल्याने दाखवून दिले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर 14 जुलै 2020 च्या निकालात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही हे प्रमाणपत्र कायम आहे. त्याच्या नमुन्यात डीव्हीआरचा स्वतंत्र उल्लेख आहे. यंत्राची बनावट, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि यंत्र त्या काळात नीट चालत होते असे सही करून सांगावे लागते. तक्रार प्रलंबित असताना खोके भंगारात देणाऱ्या कमिटीला हे सहसा माहीत नसते.

आता बोर्ड. पावसाळ्याच्या तोंडावर जवळपास वीज पडली की गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या केबलमधून झटका येतो आणि त्या चॅनेलवर कायमचा ‘व्हिडिओ लॉस’ दिसू लागतो. एखादे चॅनेल गेले तर कॅमेरा मोकळ्या चॅनेलवर हलवून काम भागते. एचडीएमआय गेले तर व्हीजीए वापरता येते. तुटलेले सॉकेट किंवा जळालेला रेग्युलेटर कुशल कारागीर बदलून देतो आणि तो खर्च योग्यही असतो. पण मुख्य चिप गेली असेल, दोन-तीन चॅनेल एकदम गेली असतील, आणि समोरचा माणूस ‘बोर्ड बदलून देतो’ म्हणत असेल, तर तो बोर्ड दुसऱ्या कुठल्या तरी भंगारातल्या खोक्यातला असण्याचीच शक्यता अधिक. तिथे नवा डीव्हीआर घ्यावा. नवा घेताना तो एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय, एएचडी, जुना अ‍ॅनालॉग आणि आयपी हे कॅमेऱ्यांच्या सिग्नलचे पाचही प्रकार ओळखणारा घेतला, तर भिंतीवरचे कॅमेरे आणि केबल तशाच राहतात. जुनी डिस्क मात्र त्याला जोडू नये. कंपनी बदलली की डिस्कवरची मांडणी बदलते, आणि नवा डीव्हीआर पहिल्याच पडद्यावर ‘इनिशियलाइज’ करू का असे विचारतो. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे जुने फुटेज गमावणे.

बोर्ड धडधाकट असूनही खोके निवृत्त करावे लागते, असाही एक प्रसंग असतो. 2016 मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर त्यांच्या कारखान्यातल्या मूळ पासवर्डने उघडले, आणि 21 ऑक्टोबरला त्या यंत्रांचाच मारा करून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास ठप्प केल्या. ज्या डीव्हीआरला कंपनीकडून नवे फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) येणे बंद झाले आहे, तो इंटरनेटला जोडून मोबाइलवर पाहण्याचा हट्ट धरू नये. जुन्या खोक्यांची वेब पाने तर इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडतच नसत, आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला बंद केला. मोबाइलवर पाहणे हवेच असेल तर नवा घ्यावा. नको असेल तर लॅनची, म्हणजे इंटरनेटकडे जाणारी, वायर काढून ठेवली की जुना डीव्हीआर केबिनपुरता पुष्कळ वर्षे काम देतो.

(दृश्य: कपाटाच्या दाराला पाडलेली छिद्रे, आत नवी डिस्क.)

या संस्थेने चार टीबीची डिस्क, अ‍ॅडॅप्टर आणि कॉइन सेल घेतली, लॅनची वायर काढली, बझर चालू केला आणि नव्या खोक्याचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेकडे सोपवला. मोटारसायकलचा तपास शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यावरून सुरू झाला. वॉचमनच्या वहीत आता दर सोमवारी दोन गोष्टी लिहिल्या जातात: प्लेबॅकमध्ये दिसणारी सर्वांत जुनी तारीख, आणि डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळापेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे. जुनी डिस्क संस्थेच्या कपाटात, नवी डिस्क आली त्या पाकिटातच, चिकटपट्टीने बंद करून ठेवलेली आहे. तिच्यावर सेक्रेटरींनी निळ्या पेनाने डीव्हीआरचा अनुक्रमांक आणि त्याखाली लिहिले आहे: ‘8 ते 19 जुलै. टेम्पो. फॉरमॅट करू नये.’