राउटर कोपऱ्यातून बाहेर काढा

मंडळी, तक्रार बहुतेक घरांत एकच असते: बाहेरच्या खोलीत नेट धावतं आणि आतल्या खोलीत रखडतं. मग जास्त वेगाचा प्लॅन घेतला जातो आणि आतली खोली होती तिथेच राहते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर दुखणं घरातल्या हवेतलं आहे.

आपल्याकडे राउटर बसतो कुठे? वायर जिथून आत आली तिथेच. दाराजवळ, टीव्हीमागे किंवा दिसू नये म्हणून कपाटात. मला हे पाहून खरंच वाईट वाटतं. राउटर चहूबाजूंना लहरी सोडतो. तो बाहेरच्या भिंतीला चिकटवला की त्यातला मोठा भाग घराबाहेरच जातो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतसुद्धा शक्ती चौथ्या हिश्शावर येते, आणि घर काही मोकळी जागा नसते. विटांची भिंत थोडं खाते, सळयांचं काँक्रीट त्याहून बरंच जास्त. लोखंडी कपाट आणि फ्रिज लहरी परतवतात. आरसाही परतवतो, कारण त्याच्या काचेमागे धातूचा लेप असतो. पाणी त्या शोषून घेतं, म्हणून माशांची मोठी टाकी मधे आली तरी फरक पडतो.

घराचा नकाशा कागदावर काढा आणि राउटरपासून तुमच्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढा. रेघ भिंतीला तिरकी छेदत असेल, तर तीच भिंत लहरीला कितीतरी जाड पडते. कधी कधी राउटर दोन हात सरकवला की ती रेघ दारातून जाते. त्याला खर्च शून्य.

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. वायफाय तपासणारं एखादं ॲप घ्या, ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, आकडा दाखवतं. उणे 50 उत्तम, उणे 67 च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 ला सगळं अडखळतं. आकडा 3 ने घसरला म्हणजे शक्ती निम्मी झाली, 10 ने घसरला म्हणजे दहावा हिस्सा उरला. प्रत्येक खोलीत उभं राहून हा आकडा लिहून ठेवा, राउटर हलवा, पुन्हा लिहा.

अँटेनाचं टोक खोलीकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी जातो, दांडीच्या बाजूंना सर्वांत जास्त. एकाच मजल्यासाठी अँटेना उभे ठेवा.

वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. दूरच्या खोलीला 2.4 गिगाहर्ट्झचा बरा. तिथे शेजाऱ्यांची गर्दी असते, म्हणून 1, 6 आणि 11 यांपैकी मोकळा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातला कमी गर्दीचा भाग, राउटरच्या सेटिंगमध्ये निवडा.

एवढं करूनही जमलं नाही, तरच रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा. जिथे सिग्नल मेलेला आहे त्या खोलीत तो लावू नका. त्यालाच जे ऐकू येत नाही ते तो पुढे काय सांगणार? मधल्या वाटेवर लावा. साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. केबल टाकणं शक्य असेल तर केबलच टाका आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा दुसरा डबा, बसवा. लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालते, घराला तेवढी पुरून उरते.