हँडओव्हर बेडजवळ

(दृश्य: वॉर्डचा कॉरिडॉर. नाईट संपतेय, मॉर्निंगवाल्या सिस्टर येतायत.)

नाईटची सिस्टर दमलीये, तिला निघायचंय, मॉर्निंगवाली नुकतीच ॲप्रन चढवून आलीये आणि या दोघींच्या मधली हँडओव्हरची, म्हणजे पेशंटांची माहिती पुढच्या शिफ्टला सांगायची, ही जी थोडी मिनिटं असतात ना, त्यातच बरंच काही राहून जातं. कुणाचं सकाळचं इन्सुलिन गेलं की नाही, कुणाला रात्रभर लघवीच झाली नाही, कुणाचा पाय कालपासून सुजलाय. अजूनही कितीतरी ठिकाणी हे सगळं नर्सिंग स्टेशनवर उभ्याउभ्या सांगितलं जातं. चार नंबर स्टेबल, पाच नंबर स्टेबल, सहा नंबर जरा त्रास देतात. झालं, ओव्हर घेतला!

आता तेच बेडजवळ कसं होतं बघा.

(दृश्य: दोन सिस्टर एका पेशंटच्या बेडजवळ.)

"काका, या मॉर्निंगच्या सिस्टर, आता दुपारपर्यंत या बघतील तुम्हाला." एवढं बोलून नाईटची सिस्टर पांघरूण जरासं सरकवते, ड्रेसिंग दाखवते. सलाईनची जागा दोघी मिळून बघतात, लाल झालीये का, सुजलीये का, हात लावल्यावर दुखतंय का. पंपावरचा रेट आणि केसपेपरवरचा रेट ताडून बघतात, युरिन बॅगेत किती आहे ते वाचतात. आणि मधेच काका विचारतात, "सिस्टर, रात्री ती पांढरी गोळी मला दोनदा दिली का हो?" चार्ट उघडला तर एक दुखण्याची, एक बीपीची, दोन्ही पांढऱ्या. चूक काहीच झालेली नाही, पण माणूस पहाटेपासून त्याच विचारात पडून होता आणि स्टेशनवर ओव्हर झाला असता तर त्याला विचारायला जागाच नव्हती.

अर्थात सगळंच बेडजवळ बोलायचं नसतं. शेजारच्या बेडवरचे कान लावून बसलेले असतात, त्यामुळे एचआयव्हीचा रिपोर्ट, घरातली भांडणं, असल्या गोष्टी बाजूला जाऊनच सांगायच्या, आणि हेही शिकवावं लागतं बरं का.

पेशंट-सेंटर्ड केअर, म्हणजे पेशंटला केंद्रस्थानी ठेवून केलेली देखभाल, म्हटलं की बऱ्याच ठिकाणी एक प्रोजेक्टर लागतो, हसतमुख राहा, गोड बोला अशा स्लाईड्स, शेवटी सह्या, चहा, संपलं ट्रेनिंग. गोड बोलणं चांगलंच आहे हो, पण नुसतं गोड बोलून पाठीला होणारा बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, थांबत नाही, त्यासाठी पोझिशन वेळेवर बदलावी लागते आणि टाचा बघाव्या लागतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने चांगल्या उपचाराची सहा उद्दिष्टं मांडली, त्यात सुरक्षितता आणि पेशंटला केंद्रस्थानी ठेवणं अशी दोन्ही एकाच यादीत आहेत, त्यामुळे एक स्किल आणि एक सॉफ्ट स्किल असे दोन वेगळे कप्पे करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

साधं नाव सांगण्याचंच घ्या. केट ग्रेंजर नावाची ब्रिटनमधली डॉक्टर, स्वतः कॅन्सरची पेशंट म्हणून ॲडमिट होती. तिच्या लक्षात आलं की जवळ येणारे कितीतरी जण आपण कोण हेच सांगत नाहीयेत. २०१३ मध्ये तिने 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली, २०१६ मध्ये ती गेली, मोहीम मात्र पुढे बऱ्याच देशांत पोचली.

(दृश्य: ट्रेनिंग रूम. डमीऐवजी बेडवर एक सहकारी झोपलीये.)

इथे नव्या मुलींना श्वास मोजायला शिकवतायत. हसू नका, चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजपंचे भरला जाणारा आकडा हाच असतो. वॉर्डभर सगळ्यांचे श्वास २०, असं कसं होईल? ट्रेनर सांगते, नाडीवर बोटं तशीच ठेवा म्हणजे पेशंटला कळणार नाही की तुम्ही श्वास मोजताय, नाहीतर तो मुद्दाम हळू घेतो, आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. एक मिनिट किती मोठं असतं ते त्या मुलींच्या चेहऱ्यावर दिसतंय बघा.

आता हा आकडा डॉक्टरांना सांगायचा कसा? रात्री अडीचला फोन करून "सर, नऊ नंबर बऱ्या वाटत नाहीयेत" म्हटलं तर पलीकडून "बरं, बघतो" येतं आणि फोन बंद. म्हणून एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) ही पद्धत घोटून घेतात, ही मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली. आधी आत्ता काय झालंय, मग मागचं काय, मग मला काय वाटतंय, आणि मग तुम्ही काय करा. "सर, बेड नऊ, श्वास २८, ऑक्सिजन ९१, बीपी वरचं ९६. परवा पोटाचं ऑपरेशन झालंय. मला ब्लीडिंग किंवा इन्फेक्शनची शंका येतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा." पेशंटची तब्येत किती बिघडलीये ते गुणांत मोजणारा न्यूज २ स्कोअर ब्रिटनमध्ये वापरतात, त्यात याचेच ३, ३ आणि २ गुण, म्हणजे ८ होतात, आणि ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. शेवटचं वाक्य, 'तुम्ही आत्ता या', हेच म्हणायला नव्या मुलींची जीभ अडखळते, म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतात.

(दृश्य: डिस्चार्ज. एक आजी, हातात इन्सुलिन पेन.)

"कळलं ना आजी?" विचारलं की उत्तर हो असंच येतं, कुठल्याही पेशंटचं. त्यामुळे ही सिस्टर तसं विचारतच नाही. "आजी, घरी गेल्यावर कसं घेणार ते मला करून दाखवा बरं, मी नीट सांगितलं का ते बघते." आजी सुई टोचतात, बटण दाबतात आणि लगेच बाहेर काढतात! औषधाचा थेंब सुईच्या टोकावर. मग परत, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच काढायची. हा फरक दोन मिनिटांचा आहे, पण ती दोन मिनिटं सिस्टरकडे असायला हवीत.

आणि खरी अडचण इथेच आहे. २००२ मध्ये लिंडा एकन या नर्सिंग संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधला अभ्यास आला, ऑपरेशनच्या पेशंटांवरचा. नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून नर्समागे किती पेशंट याची मर्यादा कायद्याने लागू केली. एका सिस्टरकडे पंचवीस बेड देऊन तिला समोर बसून ऐका म्हणायचं, तर ती कुणाचं ऐकणार?

इथल्या इन्चार्ज सिस्टर आता हॉलमधलं ट्रेनिंग कमी करतायत, कारण ते ठेवायचे सकाळी अकराला आणि नाईट करून गेलेल्यांना झोपेतून उठून यावं लागायचं. आता ट्रेनरच रात्री वॉर्डात येते, एका वेळी एकच विषय, दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात शिकणाऱ्या सिस्टरच्या पेशंटांकडे दुसरी सिस्टर बघते. या आठवड्यात श्वास मोजणं आहे, पुढच्या आठवड्यात इन्सुलिन पेन.