चर्चमध्ये मुलं सेफ आहेत का? पंच कमिटीत मिटवायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ चर्चमध्ये मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल आहे, तो मी दोनदा रेकॉर्ड करून डिलीट केलाय, तिसऱ्यांदा बसलेय, त्यामुळं मध्ये कुठं अडखळले तर सांभाळून घ्या. आणि लहान मुलं शेजारी बसून बघत असतील तर आधी तुम्ही एकटे बघा, मग त्यांच्याशी काय बोलायचं ते ठरवा.

तर एप्रिल आला की आमच्या बेळगावात, खानापूरला, निपाणीला, सगळीकडं व्हीबीएसची, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेची, गडबड असते. रंगीत कागद, चार्ट, अ‍ॅक्शन साँगची प्रॅक्टिस, अकरा वाजता उप्पीट नाहीतर शिरा, आणि सत्तर-ऐंशी मुलं. मी गेली बरीच वर्षं संडे स्कूलची टीचर आहे, लहान मुलांचा वर्ग घेते. आमच्या चर्चच्या मागं एक खोली आहे, म्हणजे नावाला खोली, खरं तर अडगळ. तुटका हार्मोनियम, ख्रिसमसचा गोठा, प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक. त्या दाराला आतनं कडी. बाहेरनं आत काही दिसत नाही. आणि दरवर्षी आम्ही काय करायचो, पाठांतर कच्चं असलेल्या मुलाला त्याच खोलीत एका टीचरबरोबर बसवायचो, कारण बाहेर गोंगाट असतो. एकट्या पोराला, एका मोठ्या माणसाबरोबर, दार लावून. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

आता लगेच खाली लिहू नका की आमच्यात असं होत नाही. २००७ साली केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं एक मोठा अभ्यास केला होता, १३ राज्यं, बारा हजारांहून जास्त मुलं. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्याशी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक गैरवर्तन झालंय. आणि त्यात अर्ध्याहून जास्त मुलगे होते, हे बऱ्याच आईबापांना ऐकून धक्का बसतो. आपण पोरीला दहा वेळा सांगतो इथं जाऊ नको तिथं जाऊ नको, आणि पोराला खुशाल कुणाच्याही बाईकवर मागं बसवून देतो. त्याच अभ्यासात हेही आहे की करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे नाहीतर विश्वासातले होते. म्हणजे अंधारातनं येणारा अनोळखी माणूस नव्हे ओ, ज्याला आपण चहाला बोलावतो तो.

याला ग्रूमिंग म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही, पण आमच्या आजीनं एका वाक्यात सांगितलं असतं, आधी घर फितवतात मग पोर. तसंच होतं. तो माणूस आधी तुमच्यात येतो. तुमच्या घरात आजारपण असेल तर हॉस्पिटलला डबा घेऊन येतो, पोराची फी थकली तर हळूच भरतो, कुणाला सांगू नका म्हणतो, रात्री प्रार्थना-सभा लांबली की मुलांना स्वतः घरी सोडतो. तुम्ही म्हणता देवमाणूस आहे. मग एका मुलाला जरा जास्त लाड, मोबाईलवर गेम, वेगळी चॉकलेटं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर वचनं पाठवायची आणि खाली लिहायचं, हे आपल्या दोघांतच. तोवर मुलाला कळलेलं असतं की घरचे याच्या बाजूनं आहेत, मी सांगितलं तर मलाच ओरडतील. खरं सांगू का, ओरडतात पण.

आणि मदत करणारा प्रत्येक माणूस तसला असतो असं मी मुळीच म्हणत नाही, नाहीतर चर्च चालायचंच नाही. म्हणून तर माणूस ओळखायच्या भानगडीत पडू नका असं माझं म्हणणं आहे. चेहऱ्यावरून, प्रार्थनेवरून, किती वर्षं मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, आहे यावरून ते ओळखता येत नाही, मला तरी आलं नाही.

२००९ च्या सुमारास मी नवीनच टीचर झाले होते. एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, कॅम्पला जायच्या दिवशी गाडीत चढेना. म्हणाला, "टीचर, मी त्या अण्णाजवळ बसत नाही की ओ, मागं बसतो." एवढंच. मी हसले आणि त्याला उचलून पुढं बसवलं. उचलून. नंतर बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या एका आईकडनं कानावर आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि मी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आपण प्रार्थना करू, बाहेर बोलू नको, मंडळीचं नाव जातं. बैठक झाली, त्या माणसाला काम सोडायला सांगितलं, निरोपाला हारसुद्धा घातला. वर्षभरानं कळलं की तो पलीकडं महाराष्ट्रात एका ठिकाणी मुलांमध्येच काम करतोय. आमच्यातनं कुणी तिकडं फोन केला नव्हता. मीही नाही केला.

आपल्या सीमाभागात हे फार सोपं आहे, हे लक्षात घ्या. कोल्हापूर, मिरज, गोवा, सगळं दोन-तीन तासांवर. प्रवचनकार इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, कॅम्प लीडर तर दर उन्हाळ्याला नवे. हद्द ओलांडली की पाटी कोरी. आणि हे फक्त गरीब मंडळ्यांत होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ नावाचा एक बडा वकील होता, पाळक म्हणजे पास्टर नव्हता बरं का, तो मोठमोठ्या शाळांतल्या मुलांच्या ख्रिस्ती कॅम्पचं काम बघायचा आणि मुलांना घरच्या बागेतल्या शेडमध्ये नेऊन अमानुष मारायचा, पापाची शिक्षा म्हणून. १९८२ ला काही चर्चच्या लोकांनी याचा लेखी रिपोर्ट केला. पोलिसांना दिला नाही. १९८४ ला तो झिम्बाब्वेला गेला आणि तिथंही मुलांचे कॅम्प सुरू केले, आणि तिथंही तेच. २०१८ ला तो वारला, एकदाही शिक्षा झाली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावरचा चौकशी अहवाल आला आणि त्यानंतर आठवड्याभरात कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सगळ्यात वरिष्ठ धर्मगुरूंना, जस्टिन वेल्बींना, राजीनामा जाहीर करावा लागला. बेचाळीस वर्षं! सगळे भले लोक, सगळ्यांना वाटत होतं आपण आतल्या आत नीट हाताळतोय.

तर आता कायदा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. अठराच्या आतलं कुणीही, मुलगा असो मुलगी असो. त्याचं कलम १९ घरात भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. कुणीही म्हणजे टीचर, पाळक, फादर, सिस्टर, होस्टेलचा वॉर्डन, सगळे. कलमात पाळकाला सूट नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि जो संस्थेचा प्रमुख आहे आणि हाताखालच्या माणसाचं झाकतो त्याला एक वर्षापर्यंत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या लोकांनी हे वाक्य रिवाइंड करून परत ऐका. उलट चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं सिद्ध झालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. शिवाय धार्मिक संस्थेच्या माणसानं त्याच संस्थेत गुन्हा केला तर तो साधा धरत नाहीत, गंभीर धरतात, शिक्षा जास्त. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ ला नियम काढला की फादर-सिस्टरनी वरिष्ठांना कळवणं बंधनकारक, पण ते चर्चच्या आतलं झालं, त्यानं पोलिसांचं काम होत नाही.

इथं कुणीतरी बायबलमधला मत्तयाचा १८ वा अध्याय काढतोच. भावानं अपराध केला तर आधी एकांतात सांग, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. मी पण बायबल वाचते ओ. ते १५ वं वचन आहे. त्याच्या नऊ वचनं आधी, त्याच पानावर, ६ वं वचन आहे, लहानग्यांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं. ते कमिटीत कुणी वाचत नाही. आणि वडिलावर आरोप घ्यायचा तर दोन-तीन साक्षीदार हवेत, हे बायबलमधल्या तीमथ्याच्या पत्रातलं वचन? दार लावलेल्या खोलीत साक्षीदार कुठनं आणायचे?

बरं, समजा एखादं मूल तुमच्यापाशी आलं. मला वाटतं खरी चूक सगळ्यात जास्त इथं होते. आपण घाबरून प्रश्नांचा भडिमार करतो, त्यानं इथं हात लावला का, तिथं लावला का, किती वेळा. नका करू. पोर तुमच्या तोंडातलं वाक्य उचलतं आणि पुढं कोर्टात तेच आडवं येतं. "बरं, मग काय झालं?" एवढंच विचारा. ते गप्प बसलं तर तुम्हीपण गप्प बसा. आणि मी कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार. त्याऐवजी म्हणा, तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी चूक नाही, मी आता मदत करणाऱ्या माणसांना सांगते. मग घरी जाऊन त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. अलीकडंच घडलं असेल तर कपडे धुऊ नका, आणि एफआयआर व्हायच्या आधीसुद्धा मुलाची तपासणी होऊ शकते, उपचार फुकट द्यावे लागतात, सरकारी दवाखाना असो की प्रायव्हेट.

जसेच्या तसे म्हणजे कसे ते सांगते, हे आपल्या भागातलं खास आहे. आमच्याकडं पोरीपण "मी गेलो, मी आलो" म्हणतात, तुम्हाला माहितीच आहे. अशा पोरीचं बोलणं तुम्ही पुण्याच्या मराठीत "मी गेले" करून लिहिलं, की ते तिचं राहत नाही. आणि पुढं पोलीस स्टेशनला कागद कन्नडमध्ये. पोर मराठी, आई मराठी, कागदावर काय लिहिलंय कुणाला कळत नाही, आणि सही करून मोकळे. त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय की मुलाला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायला पाहिजे. मागा. भांडू नका, भाषेचं राजकारण तिथं काढू नका, तो विषय तिथला नव्हे, पण शांतपणे मागा आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी, अंगावर युनिफॉर्म नाही, आणि मुलाला रात्री स्टेशनात ठेवता येत नाही.

कॅम्प गोव्यात झाला आणि पोरानं घरी येऊन बेळगावात सांगितलं तर? इथंच तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा आलाय त्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असो, स्टेशनला नोंद घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. स्टेशनची पायरी चढायला जीव घाबरत असेल तर १०९८ लावा, मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास. तातडीचं असेल तर ११२.

आणि एक, हे बोलायलाच पाहिजे, प्रार्थना-विनंती. चांगल्या मनानं ग्रुपवर टाकतात, अमुक गल्लीतल्या अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिच्याबाबतीत असं-असं घडलंय. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला माहिती, शाळेत माहिती. त्या पोरीनं उद्या संडे स्कूलला यायचं कसं? मुलाची ओळख बाहेर पडता कामा नये असं कायदाही सांगतो. देवाला पत्ता लागत नाही ओ.

आता आमच्या अडगळीचं काय झालं. गेल्या वर्षी मी कमिटीत विषय काढला की त्या दाराची आतली कडी काढा आणि वरच्या फळीत काच बसवा. खर्च म्हणाल तर सुताराची एका दिवसाची मजुरी आणि एक काच. चर्चा चालली पाऊण तास! एक काका म्हणाले, म्हणजे तुझा आमच्यावर संशय आहे काय? मी म्हटलं काका, पेटीला दोन चाव्या आहेत, दानाचे पैसे दोघं मिळून मोजता, तेव्हा तुम्ही एकमेकांवर संशय घेता काय? ते हसले, पण काच बसली. मग त्याच्याबरोबर बाकीचंही झालं, मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, तीही नवरा-बायको नकोत, मुलांना पर्सनल मेसेज नाही, काही असेल तर आईबापांच्या ग्रुपवर, एकट्या मुलाला गाडीवरनं सोडायचं नाही, कॅम्पला मोठ्यांची झोपायची जागा वेगळी. आणि नवीन कुणी मुलांमध्ये काम करायला आला तर तो आधी होता त्या मंडळीला फोन करायचा. सर्टिफिकेट बघून भागत नाही, सर्टिफिकेट आम्हीपण दिलं होतं त्या माणसाला. सरळ विचारायचं, तुम्ही तुमची मुलं याच्याबरोबर परत पाठवाल का? पलीकडचा माणूस दोन सेकंद थांबला तरी पुष्कळ कळतं.

यंदा त्या काचेला पोरं बाहेरनं नाकं लावून आत बघतात, आत पाठांतर चाललेलं असतं आणि ही वेडावून दाखवतात, रोज ओल्या फडक्यानं पुसावी लागते.

१०९८ हा नंबर खाली लिहिलाय. कमेंटमध्ये काही विचारायचं असेल तर विचारा, पण मुलाचं, मंडळीचं, गावाचं नाव घालू नका, घातलं तर मी ती कमेंट काढून टाकणार. आणि घडलेलं सांगायचं असेल तर मला लिहीत बसू नका, तो फोन आधी करा.