फोमचा तुकडा आणि फुगलेलं पाकीट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'डेट्रॉइट, मेम्फिस, मसल शोल्स: तीन हाउस बँड'. हाउस बँड म्हणजे स्टुडिओचे कायमचे वादक. तासाभरात तिन्ही गावं उरकायची म्हणजे अष्टविनायक एका दिवसात करण्यासारखं आहे. बघू कुठवर जमतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं; त्याच्या जुन्या रेकॉर्ड्समधल्या 'फील'बद्दल लोक डोळे मिटून बोलतात. मला विचाराल तर तो फील बराचसा हाताला लागतो.

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसनचा बास गिटार घ्या. 1962चा फेंडर प्रिसिजन. त्यावर ला बेलाच्या फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या. जाडी इंचाच्या 52 हजारांशापासून 110 हजारांशापर्यंत. तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. मळ साचला की वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरावरचे बारीक उपस्वर, मरतात आणि नुसता खर्ज उरतो. ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली फोम, तो स्वर लांबू देत नाही. तारा इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं सोलवटावीत. आणि हा गृहस्थ उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा! (तीन बोटंवाले समोर बसलेत, रागावू नका.) प्रत्येक स्वर लगेच मिटतो, म्हणून इतके दाटीवाटीचे स्वर घेऊनही त्याची चाल सुटी सुटी ऐकू येते.

आता आपले हौशी वादक काय करतात? नव्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारा लावतात आणि टोनचं बटण बंद करतात. धार जाते, पण स्वर रेंगाळतोच, आणि बास ड्रमच्या ठोक्यावर नुसता चिखल होतो. मग कुणीतरी भांडी घासायचा स्पंज कोंबतो. तो घट्ट बसला की तार वर रेटली जाते, स्वर चढतो आणि आवाजातला जीव जातो. फोम ब्रिजला लागून, चारही तारांना सारखा, नुसता टेकलेला हवा.

आता माझं जुनं दुखणं: नावं. जेमरसन आणि मोटाउनचे बाकीचे वादक, हे 'फंक ब्रदर्स', 1959पासून डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या त्या स्टुडिओ-घरात राबत होते. कव्हरवर नावं आली 1971 साली, गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. बारा वर्षं! बाहेर वाजवायला बंदी, म्हणून शनिवार-रविवार गाठून गुपचूप शिकागोला जायचे. जॅकी विल्सनचं 1967चं 'हायर अँड हायर' ऐका. कंपनी दुसरी, बास जेमरसनचा. बंदी घालणाऱ्यांच्या घरीही रेडिओ असणारच की! आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांचं हेच झालं. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव सगळ्यांना पाठ आहे, पण ते अमिताभ अंड्यातून बाहेर आला म्हणून. हा विषय काढला तर आज कुणी जेवायला घरी पोचणार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर.

डेट्रॉइटला एकाच खोलीत तीन गिटार, तरी गोंधळ नाही, कारण कामं वाटलेली. जो मेसिना स्नेअर या ड्रमबरोबर चार मात्रांतल्या 2 आणि 4वर करकरीत ठोका देणार, रॉबर्ट व्हाइट कॉर्ड भरणार, एडी विलिस मधल्या फटींत ब्लूजच्या लकेरी सोडणार. गिटार थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये, त्यामुळे आपापला अँप वाढवायची सोयच नाही.

मसल शोल्सबद्दल एवढंच: रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड, जिमी जॉन्सन, बॅरी बेकेट. 1969 साली 'फेम' हा तिथला स्टुडिओ सोडून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला; वादक मालक झाले. यावर अर्धा तास राखून ठेवला होता, असो.

मेम्फिस. इथल्या स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमीनसुद्धा उतरती. ड्रमवर अल जॅक्सन. खिशातलं फुगलेलं पाकीट काढून स्नेअरवर ठेवायचा. कातड्याची झणझण जाते, 'ठप्प' तेवढा उरतो. 1965 साली गायक विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर'च्या वेळी निर्माता जेरी वेक्सलर स्टुडिओत येऊन नाचला आणि ठोका कुठे पडायला हवा ते त्याने अंगानेच दाखवलं. जॅक्सन आणि गिटारवरचा स्टीव्ह क्रॉपर यांनी 2 आणि 4 केसभर मागे ओढले, दोघांनी मिळून, तेवढेच.

रेकॉर्ड लावतो. तुम्ही 2 आणि 4वर टाळी द्या. तुमची आधी पडेल.