‘ने’ म्हणजे हो की नाही?

मंडळी, आज एकाच अक्षरावर बोलायचं आहे. ‘ने’.

मागे एकदा श्रावणात अथेन्सला होतो. बेकरीत काचेमागे पापुद्र्यांचे खरपूस त्रिकोण मांडलेले. बोट दाखवून विचारलं, ‘मीट?’ काउंटरवरच्या आजी हसून म्हणाल्या, ‘ने, ने!’ मी निर्धास्त घेतला. पहिल्याच घासाला खिमा! बुडाला श्रावण.

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाहीला ‘ओही’. तेही बोलायचा कंटाळा असेल तर भुवया उडवून मान जरा मागे टाकायची. या ‘ओही’चा तिथे चक्क सण आहे. २८ ऑक्टोबर १९४० ला इटलीने आपल्या सैन्याला वाट द्या म्हणून धमकावलं, पंतप्रधान मेटाक्सास यांनी नकार दिला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सुट्टी. (ते प्रत्यक्षात बोलले फ्रेंचमध्ये, आणि तेही ‘मग हे युद्धच’ अशा अर्थाचं. पण तेवढ्यासाठी सुट्टी कोण सोडतो?) ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात तर मतपत्रिकेवर ‘ओही’ वर आणि ‘ने’ खाली छापलेलं होतं. ‘ओही’ला ६१ टक्के मतं पडली.

आता सीमा ओलांडून उत्तरेला बल्गेरियात चला. तिथे ‘ने’ म्हणजे नाही! वर हो म्हणताना मान आडवी हलवतात. बिचाऱ्या प्रवाशाने करावं काय? हंगेरियनमध्ये क्रियापदाआधी ‘ने’ आलं की ‘करू नको’. कोरियन माणूस फोनवर ‘ने, ने’ करतो तो होकार. फिनिशमध्ये ते नुसतं सर्वनाम, ‘ते’ किंवा ‘ती’, अनेकवचनी. आणि जपानीत वाक्याच्या शेपटाला, ‘सामुई देस् ने’. म्हणजे ‘गारठा आहे ना!’

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, जपानी आपल्याच घरची! थांबा जरा. ‘न’ आणि पुढे एक स्वर, इतकं सोपं अक्षर भाषांनी वापरलं नसतं तरच नवल. त्यात एखादा अर्थ योगायोगाने जुळणारच. नातं बघायचं तर एका शब्दावर भागत नाही, पुष्कळ शब्द शेजारी मांडावे लागतात. जपानीत वस्तू मोजून बघा: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु. काही ओळखीचं लागतंय? आता बल्गेरियनमध्ये दोन, तीन, चार: द्वे, त्रि, चेतिरि. संस्कृतचे द्वे, त्रि, चत्वारि आठवले ना? त्यांचं नकाराचं ‘ने’ आणि आपल्या ‘नाही’तला ‘न’ एकाच घरातले, हजारो वर्षांपूर्वी वेगळे निघालेले.

मग ‘ही पिशवी घरी ने’ यातलं आपलं ‘ने’? त्याचा बल्गेरियाशी संबंध नाही. ते संस्कृत ‘नी’ धातूचं. ‘नेता’ आणि ‘नीती’ ही त्याचीच सख्खी भावंडं, निदान शब्दकोशात तरी.